टीचरसाठी मागणं

तिसऱ्यांदा तेच शब्द तोंडातून गेले, लोकांनी तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं, आणि तेव्हा कुठे युजीनच्या लक्षात आलं की फ्लॉसीटीचर डोळे टक्क उघडे ठेवून आपल्याकडे बघताहेत. शब्द मयताच्या प्रार्थनेतले होते. हे प्रभो, फ्लॉसीला चिरविश्रांती दे. आणि गल्लीतली वीसपंचवीस शहाणीसुरती माणसं एका सुरात म्हणाली होती, आणि निरंतर प्रकाश तिच्यावर पडू दे. फ्लॉसीटीचर मेल्या नव्हत्या. आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर, पाठीशी दोन उशा घेऊन, गळ्यापर्यंत गोधडी ओढून त्या जिवंत बसल्या होत्या. आजारी होत्या हे खरं. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं, फादर येऊन कपाळाला पवित्र तेल लावून अभ्यंग देऊन गेले होते, आणि आज संध्याकाळी गल्लीने त्यांच्याकडे जपमाळेची प्रार्थना ठेवली होती, ती त्यांना आराम पडावा म्हणून. पण त्याआधीचा सबंध आठवडा युजीन दोन घरं पलीकडे पॉलच्या घरी मयताची प्रार्थना चालवत होता. रोज संध्याकाळी जपमाळ, जपमाळेनंतर मातेची विनवणी, विनवणीनंतर पॉलला चिरविश्रांती. आज जीभ आपली रुळलेल्या वाटेने गेली. शरमेची गोष्ट ही की वाटेत पॉलचं नाव गाळून फ्लॉसीचं घालण्याची हुशारीही तिने केली. झोपेत चालणारा माणूस गटार बरोबर ओलांडतो म्हणतात, तशी गत.

त्याने घाईघाईने क्रुसाची खूण केली आणि गाणं सुरू केलं. मातेचं गाणं सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे सगळे आनंदाने मोठ्याने गायले. मग खुर्च्या सरकल्या, मोबाईल बाहेर आले, टीचरची सून सॅन्ड्रा उकडलेले चणे आणि चहा घेऊन फिरू लागली, आणि बाहेर पडवीत पाण्याच्या टँकरवाल्याने पुन्हा भाव वाढवल्याची चर्चा सुरू झाली. युजीन वाट बघत होता. कुणीतरी म्हणेल, अरे बाबा, काय म्हणालास तू हे? कुणी हसेल, कुणी चिडेल, निदान एखादी म्हातारी तरी हाय जेजू म्हणून तोंडाला पदर लावेल. कुणी काही म्हणालं नाही. एक जण त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “युजीन, तू प्रार्थना घेतोस ना, तेव्हा कसं शांत वाटतं बघ.” युजीनने चण्यांचा द्रोण तसाच खिडकीत ठेवून दिला. पलंगावरून टीचरांनी बोटाने खूण केली. तो वाकला. त्यांच्या तोंडाला औषधाचा वास येत होता. “उद्या ये,” त्या म्हणाल्या. “एकटा ये. माझ्यासाठी मागायचाय तुला. खरोखर मागायचाय.” शाळेत आयुष्यभर त्यांनी शुद्ध बोलायला शिकवलं, न आणि ण चुकला तर पट्टी बसायची. आजारपणात ती शाळेची भाषा गळून पडली होती आणि आईच्या घरची तेवढी उरली होती. तो हो म्हणाला आणि चपला शोधायला बाहेर आला.

घर चार पावलांवर, पण तो मुद्दाम तळ्याच्या बाजूने गेला. त्याला स्वतःचा राग आला नव्हता, म्हणजे अजून आला नव्हता; आधी राग आला तो लोकांचा. काय माणसं ही! मी जित्याजागत्या बाईला मारलं, आणि तुम्ही आमेन म्हणता? मग त्याच्या मनात आलं, की मी त्यांच्या घरात शिरून टेलिफोनची डिरेक्टरी वाचली असती, तरी ते आमेन म्हणाले असते, कारण आवाज युजीनचा होता. त्या आवाजाचं सगळ्या पापडी गावात नाव होतं. लग्नाच्या आदल्या रात्रीची प्रार्थना, मयत, नव्या फ्लॅटचा आशीर्वाद, मे महिन्यात क्रुसाजवळची जपमाळ, युजीनला बोलवा. आवाज खालच्या पट्टीतला, थोडा थरथरता, दुःखी घरात दुःखी आणि सुखी घरात सुखी होणारा. तो आवाज कुठून सुरू करायचा, कुठे थांबायचं, ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ म्हणताना तो किती खाली न्यायचा, हे त्याला वालीवच्या आपल्या कारखान्यातलं मशीन कुठल्या आवाजावर बिघडतं हे जसं कळायचं तसं कळत होतं. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि त्याच वेळी युजीन मनात काय करत असायचा? त्याने आज पहिल्यांदा स्वतःला हे विचारलं, आणि तळ्याच्या कठड्यापाशी थबकून उभा राहिला. आज जपमाळेतल्या पाचव्या रहस्याच्या वेळी तो उद्याच्या पाळीत कोण येणार नाही याचा विचार करत होता. पॉलच्या घरी सबंध आठवडा तो पॉलच्या बैठकीच्या खोलीतल्या छताला आलेल्या ओलीकडे बघत होता, आणि ती गच्चीतून येते की टाकीतून, ते ठरवत होता. पॉल त्याचा शाळेतला मित्र. पॉलसाठी त्याने एकदाही देवाकडे काही मागितलं नव्हतं. मागणं चालू असल्याचा आवाज तेवढा काढला होता. कठड्यावर बसलेल्या पोरांनी त्याला बघून सिगारेट लपवली. धर्माचा माणूस म्हणून. ते बघून त्याला हसू आलं आणि तो घराकडे वळला.

असं नव्हतं की पहिल्यापासूनच हे असं होतं. तसं असतं तर बरं झालं असतं. ज्याच्याकडे कधी नव्हतंच त्याचं हरवत काही नाही. पण एकोणीस वर्षांचा युजीन आजच्या युजीनला माहीत होता. केळीच्या वाडीत मांडव घालून तीन दिवस देवाच्या वचनाचा सोहळा झाला होता, वाडी आता नाही, तिथे सात मजली दोन इमारती आहेत, आणि त्या मांडवात, शेवटच्या दिवशी, चिखलात गुडघे टेकून तो रडला होता. नाटकी रडणं नव्हे. छातीत काहीतरी कढत ओतल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या कढात एक ओळख होती, कुणीतरी आपल्याला नावाने ओळखतं अशी. पुढची दोन-तीन वर्षं तो वेडाच झाला होता. चर्चमध्ये पहाटेच्या मिस्सेला अनवाणी जायचा. बागेत पाणी सोडताना दंडात वाहत जाणाऱ्या पाण्याशी देवाबद्दल मोठमोठ्याने बोलायचा. त्याची आई घाबरून फ्लॉसीटीचरकडे गेली होती, की पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय का बघा. टीचरांनीच त्याला लहानपणी पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी तयार केलेलं. त्यांनी आईला काय सांगितलं ते त्याला कळलं नाही, पण त्याला बोलावून त्यांनी उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी खायला दिली आणि म्हणाल्या होत्या, “जे मिळालंय ते कुणाला दाखवत फिरू नकोस. दाखवून दाखवून झिजतं.” तेव्हा त्याला ते शिक्षकी थाटाचं वाटलं होतं. मग लोकांनी त्याला आजीच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना घ्यायला लावली, त्याने घेतली, सगळे रडले, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एका घरून बोलावणं आलं. नाही कसं म्हणायचं? प्रार्थनेला कोण नाही म्हणतं?

आणि गेलं ते कधी गेलं? हे त्याला सापडत नव्हतं, आणि सगळ्यात भीतीची गोष्ट हीच होती. एखादं पाप केलं असतं, देव नाही असं एखाद्या पुस्तकात वाचलं असतं, एखादं मूल गेलं असतं, तर तारीख तरी सांगता आली असती. त्याच्या अंगणातली विहीर अशीच गेली. दोन पिढ्या तिचं गोड पाणी प्याल्या. मग चहूकडून बोअर मारून टँकर भरायला लागले, आणि विहिरीचं पाणी मचूळ होत गेलं, पण एका रात्रीत नाही. रोज पिणाऱ्यांना रोज कालच्यासारखंच लागायचं. एकदा दादरची मावशी आली, एक घोट घेतला आणि अंगणात थुंकून टाकला. “हे तुम्ही पिता?” तिने विचारलं होतं. त्या दिवशी सगळ्या घराने नव्याने पाणी चाखून बघितलं होतं, आणि सगळ्यांचे चेहरे उतरले होते.

घरी आशालता मासे तळत होती. “कशी आहे टीचर?” तिने विचारलं. तो म्हणाला, मी तिला मारून आलो. तिने वळून बघितलं, मग त्याने सांगितलं. आशालताला हसू फुटलं, तिने ते दाबलं, आणि मग ती म्हणाली, “अहो, होतं असं. माझी आई तर एकदा लग्नात मयताचं गाणं सुरू करून बसलेली. देव काय शब्द बघतो का?” त्याला म्हणायचं होतं की शब्द सोडून माझ्याकडे देवाला बघण्यासारखं काही उरलेलंच नाही, पण हे वाक्य तळलेल्या बोंबलांच्या वासात म्हणण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, उद्या तिने एकट्याला बोलावलंय. प्रार्थना करायला. आशालता म्हणाली, “मग जा. त्यात एवढं काय? तुम्हाला पुस्तकही लागत नाही.” ती चांगली बाई होती. तिचं देवाशी उत्तम चाललं होतं, भाजीवाल्याशी चालतं तसं, रोजचं, थोडी घासाघीस, मोठा विश्वास. त्याला आयुष्यात पहिल्यांदा बायकोचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी वालीवला पाळी होती. प्लास्टिकची झाकणं बनवणारा कारखाना, त्यात तो सुपरवायझर. मशीन एका लयीत झाकणं टाकत होतं, टपटप, टपटप, आणि तो त्याच्यासमोर उभा राहून फ्लॉसीटीचरसाठी काही मागायचा प्रयत्न करत होता. प्रभू, टीचरला... आणि पुढे काय? बरं कर म्हणावं तर ते होणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. वेदना कमी कर म्हणावं, तर तो ज्या आवाजात म्हणाला तो आवाज त्याच्या कानांना सुंदर लागला आणि तिथेच सगळं नासलं. त्याने आवाज काढून टाकायचा प्रयत्न केला. मनातल्या मनात, शब्दांशिवाय. आत बघितलं तर एखाद्या भाडेकरूने सोडलेल्या खोलीसारखं होतं, खिळे होते, भिंतीवर चौकटींचे पांढरे डाग होते, माणूस नव्हता. जेवणाच्या सुट्टीत तो स्कूटर काढून चर्चकडे गेला. फादर बाहेर निघाले होते, तरी थांबले. त्याने अर्धंमुर्धं सांगितलं. काल काय झालं ते सांगितलंच नाही, नुसतं म्हणाला, हल्ली प्रार्थनेत मन लागत नाही. फादर तरुण होते, पायात स्पोर्ट्सचे बूट होते. म्हणाले, “युजीन अंकल, मोठमोठ्या संतांच्या वाट्याला हे आलंय. ही कोरडी वेळ असते. पुढच्या महिन्यात प्रार्थनेचं एक सुंदर रिट्रीट आहे, या. आणि अंकल, झावळ्यांच्या रविवारी वाचन तुम्हीच करायचं, हां.” संतांच्या पंगतीत त्याला इतक्या सहज बसवल्यामुळे तो अधिकच खट्टू झाला. संतांना कोरडं पडल्याचं दुःख तरी व्हायचं. त्याला काल संध्याकाळपर्यंत पत्ताही नव्हता.

संध्याकाळ झाली. जाऊ नये असंही त्याच्या मनात येऊन गेलं. अंगात कसकस आहे, असा सॅन्ड्राला एक निरोप टाकला की झालं. पण टीचर थोड्याच दिवसांच्या सोबती होत्या, आणि त्यांनी आयुष्यात कधी त्याच्याकडे काही मागितलेलं त्याला आठवत नव्हतं. एकच गोष्ट मागितली, आणि ती नेमकी त्याच्याकडे नव्हती. सगळी पापडी ज्या दुकानातून माल नेते त्या दुकानाची कोठी रिकामी, हे दुकानदाराने कुणाला सांगायचं? तो गेला. हात धुतले, केस विंचरले, जपमाळ खिशात घातली आणि गेला.

“अंकल, बसा ना,” सॅन्ड्रा म्हणाली. “मम्मी तुमचीच वाट बघतेय सकाळपासून. मी जरा कपडे काढून येते गच्चीतून.” ती गेली. जेसन, टीचरचा मुलगा, जहाजावर होता आणि त्याला यायला आणखी आठवडा लागणार होता. खोलीत टेबलावर मातेची मूर्ती होती आणि तिच्या डोक्यामागे रंग बदलणारे बारके दिवे होते, लाल, निळे, हिरवे. टीचरांचा चेहराही त्याबरोबर रंग बदलत होता.

“काल मारलास की रे मला,” त्या म्हणाल्या.

“टीचर, माझं चुकलं. जीभ...”

“गप. बरा वाटला मला. कोनीतरी बोलला एकदाचा.” त्या थोडा वेळ दम घेत राहिल्या. “सगले म्हनतात बरी होशील, बरी होशील. तू एकटाच खरा बोललास, तोही झोपेत.”

तो हसायचा प्रयत्न करून बसला. खिशातली जपमाळ काढू की नको, असा हात घुटमळत होता. टीचरांनी ते बघितलं आणि मान हलवली. “ती ठेव आत. आधी एक सांगायचाय. फादरला नाय सांगितला. फादर पोर आहे, घाबरेल.” मग त्यांनी मूर्तीकडे बघितलं, आणि शाळेत फळ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या तेव्हा असायचा तसा त्यांचा चेहरा झाला, कडक. “मला काय ऐकू येत नाय, युजीन. किती वर्षां झाली. आमचे हे गेले त्याच्याही आधीपासून. पोरांना शिकवला, देव ऐकतो, देव बोलतो. मी भिंतीशी बोलते. रोज गुडघ्यावर बसते आन् भिंतीशी बोलते. पहिला वाटला, येईल परत. मग वाटला, माझा काय चुकला? मग काय वाटायचाच बंद झाला.”

युजीनला आपल्या मांड्यांवर ठेवलेले स्वतःचे हात दिसत होते. ते दुसऱ्या कुणाचे तरी असावेत असे दिसत होते. म्हणजे इथेही नाही. त्याच्या लक्षात आलं की इतकी वर्षं, काही न मागता, काही न तपासता, त्याने एक गोष्ट गृहीत धरली होती, की आपल्याकडे नसलं तरी फ्लॉसीटीचरकडे आहे. गल्लीतून जाताना त्यांच्या खिडकीत मेणबत्ती दिसली की त्याला वाटायचं, आहे, तिकडे चालू आहे. आणि तेवढ्यावर तो पुढे जायचा. त्याला ओरडावंसं वाटलं, टीचर, तुम्हीसुद्धा?

“मग तू प्रार्थना घ्यायला लागलास,” त्या म्हणाल्या. “तुझा आवाज ऐकला. मी म्हटला, याला देव लागतो, ऐकू येतो. याला लहानपनी लागलेला, मी बघितलाय, तो वेडा झालेला. याला अजून लागतो. आपल्याला नाय तर नाय. एका घरात दिवा असला तर शेजारच्या अंगनात बी थोडा उजेड पडतो. तुझ्या आवाजाला धरून मी इतकी वर्षां गुडघ्यावर बसले.” त्यांनी गोधडीतून हात बाहेर काढला आणि त्याचं मनगट धरलं. बोटं थंड होती, पण पकड पट्टी मारणाऱ्या बाईची होती. “आता जायाचाय मला. आन् मला भीती वाटते. तिकडे कोन नसला तर? म्हनून तुला बोलवला. मागायचा ते मग माग. आधी सांग. खरा सांग. तुला ऐकू येतो ना? तो आहे ना?”

बाहेर गच्चीत सॅन्ड्रा कपड्यांचे चिमटे काढून डब्यात टाकत होती, त्याचा आवाज येत होता. युजीनच्या मनात दोन्ही उत्तरं एकदमच उभी राहिली, आणि दोन्ही सारखीच भयंकर होती. नाही म्हणावं, तर निदान दोघं बरोबरीने बसतील, दोन मुकी माणसं, आणि आयुष्यातली एक तरी संध्याकाळ खरी होईल. त्याला त्या खरेपणाची हाव सुटली. इतका थकला होता तो. त्या हातावर डोकं टेकून सांगून टाकावं, टीचर, माझ्याकडेही काही नाही, मी मशीन आहे. पण मग त्याने त्यांच्याकडे बघितलं. निळा उजेड, मग हिरवा. त्या उत्तराची वाट बघत नव्हत्या. त्या उत्तर धरून बसल्या होत्या, आणि त्याने फक्त ते काढून घेऊ नये, एवढीच त्यांची विनंती होती. खरं बोलून त्याचं ओझं उतरलं असतं. त्यांना तर अजून त्या अंधारात एकटीने जायचं होतं.

“आहे, टीचर,” तो म्हणाला. तो आवाज त्याने काढला, तोच, खालच्या पट्टीतला, जो पापडीत सगळ्यांना माहीत होता. “ऐकू येतं मला. तो आहे.”

त्यांनी त्याचा चेहरा बराच वेळ न्याहाळला. एक क्षण त्याला वाटलं, कळलं. त्यांना आयुष्यभर पोरांचं खोटं पकडायची सवय होती. मग त्यांनी मनगट सोडलं, डोकं उशीवर मागे टेकलं आणि डोळे मिटले. “मग बरा,” त्या म्हणाल्या. “मग जाते मी.” त्यांचा श्वास हळूहळू लांब होत गेला, झोपेचा झाला. चेहऱ्यावरचे कडक स्नायू सैल पडले आणि त्या एकदम फार म्हाताऱ्या दिसू लागल्या.

युजीन खुर्चीवर बसून राहिला. आता त्याला खरोखरच भीती वाटली, कारण आता या गल्लीत, या गावात, त्याच्यासाठी दिवा असलेलं एकही घर उरलं नव्हतं. त्याने वचन दिलं होतं, आणि ते त्याचं नव्हतंच. दुसऱ्याच्या वतीने दिलं होतं. ती बाई त्या वचनावर विसंबून निघाली होती. एकदोन दिवसांत ती तिथे पोचेल, आणि तिथे कुणी नसलं तर? त्याच्या छातीत संताप उसळला, इतक्या वर्षांत त्या जागी काहीच उसळलं नव्हतं. तो पुढे वाकला. आवाज निघाला तो फाटका, घोगरा, मध्येच तुटणारा, घरच्या भाषेतला.

“मी सांगून बसलोय तिला,” तो म्हणाला. “ऐकतोस ना? मी तिला हो सांगून बसलोय. माझा राहू दे. पन ती येते आता. तू अस. कसा बी करून तू अस.”

“काय म्हणालात, अंकल?” कपड्यांचा ढीग छातीशी धरून सॅन्ड्रा दारात उभी होती.

त्याने हाताने तिला थांब अशी खूण केली. ती गोंधळून तिथेच थांबली. युजीन मान थोडी कलती करून, श्वास रोखून, भिंतीकडे कान देऊन बसला होता. काही येत नव्हतं. तरी तो ऐकत राहिला.